टेलरकाकांना बेळगावात का चढली?

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बार होता. गोव्याबाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो डोळे मोठे करतो, पण पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावात त्यात विशेष काही नव्हतं, एका बाजूला अंडी, काडेपेट्या, फरसाण, दुसऱ्या बाजूला फळीवर बाटल्या, खाली फेणीचा काचेचा गराफाव म्हणजे मोठा बुधला आणि समोर दोन लाकडी बाकडी. दुपारी त्या बाकड्यावर बसून मी गृहपाठ करायचो आणि सात वाजले की बाबा मला आत हाकलायचे, कारण गिऱ्हाईक यायला लागायचं. आता मी हायर सेकंडरीला बायॉलॉजी शिकवतो, आणि नशा नि मेंदू या विषयावर काहीही वाचलं की ती दोन बाकडी आठवतातच.

टेलरकाका त्या बाकड्यावरचे रोजचे. संध्याकाळी मशीन झाकून यायचे, फेणीचे तीन पेग घ्यायचे, लिम्का नाही सोडा नाही नुसतं पाणी, सोबत खारे शेंगदाणे, आणि साडेआठला सरळ चालत घरी. त्यांचा तोल गेलेला मी कधी बघितला नाही. एका वर्षी भाच्याच्या लग्नाला बेळगावला गेले, जाताना आमच्याकडचीच बाटली पिशवीत घेऊन गेले, रात्री लॉजवर अनोळखी पाहुण्यांच्यात बसून तेच तीन पेग घेतले आणि तिथेच आडवे झाले. सकाळी हळदीला उभं राहता येईना. गावात महिनाभर चर्चा, कोणी म्हणे तिथलं पाणी बाधलं, कोणी म्हणे पाहुण्यांनी काहीतरी मिसळलं. बाबांना एवढंच सिद्ध करायचं होतं की माल आमचा चांगला होता.

प्रवासाचा शीण असेल, पोट रिकामं असेल, हे सगळं खरंच. पण आणखी एक कारण असू शकतं आणि ते मला वीसेक वर्षांनी कळलं, एका कॅनडातल्या माणसामुळे.

मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत शेपर्ड सीगल नावाचे मानसशास्त्रज्ञ. १९८२ मध्ये त्यांनी उंदरांवरचा एक प्रयोग छापला. उंदरांना दिवसाआड हेरॉइन टोचायचं, डोस हळूहळू वाढवत न्यायचा, पण टोचायचं नेहमी एकाच ठराविक खोलीत. मधल्या दिवशी दुसऱ्या खोलीत नेऊन नुसतं साखरपाणी टोचायचं. असं महिनाभर. मग एक दिवस सगळ्यांना एकदम मोठा डोस. ज्या उंदरांनी आधी कधी हेरॉइन बघितलंच नव्हतं त्यांच्यातले शेकडा ९६ मेले. सवयीच्या उंदरांना ओळखीच्या खोलीत तो डोस दिला तेव्हा शेकडा ३२ मेले. आणि तितक्याच सवयीच्या उंदरांना तो साखरपाण्याच्या खोलीत दिला तर ६४. हेरॉइन तेवढंच, सवय तेवढीच, खोली बदलली आणि मरणारे दुप्पट झाले.

हे कसं, तर पावलोवचा कुत्रा आठवा, घंटा वाजली की लाळ गळायची तो. शरीराला अचानक धक्के नको असतात. हेरॉइन श्वास मंद करतं, तर रोज त्याच जागी ते मिळायला लागलं की मेंदू ती जागा दिसल्या दिसल्या उलट्या बाजूने जोर लावायला लागतो, पाहुणे येणार माहीत असलं की आई आधीच तांदूळ वाढवून टाकते ना, तसं. ज्याला आपण 'पचवायची ताकद' म्हणतो त्यातला बऱ्यापैकी भाग हाच. म्हणजे टेलरकाकांची ताकद थोडी त्यांच्या लिव्हरमध्ये होती आणि थोडी आमच्या बाकड्यात, कंदिलासारख्या पिवळ्या बल्बमध्ये, शेजारी खोकणाऱ्या दोस्तात आणि बाबांनी न विचारता पुढे सरकवलेल्या ग्लासात. बेळगावच्या लॉजवर यातलं काहीच नव्हतं, घंटा वाजलीच नाही, मेंदू बेसावध आणि फेणी मात्र पूर्ण.

दारूच्या बाबतीत असा प्रयोग माणसांवरही झालाय. १९९७ साली काही संशोधकांनी लोकांना तेवढंच अल्कोहोल दोन प्रकारे दिलं, ओळखीच्या बिअरमध्ये किंवा पेपरमिंटच्या चवीच्या निळ्या पेयात. निळ्या पेयातून घेतलेल्यांना जास्त चढली, त्यांची कामं जास्त बिघडली. सीझनमध्ये आमच्याकडे येणारे पाहुणे बघा, गावी चार पचवणारा माणूस इथे पहिल्यांदाच हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या भट्टीतली दारू, पितो, अनोळखी चव, अनोळखी शॅक, वर ऊन, आणि दुसऱ्या ग्लासात वाळूत. हुर्राक हलकी असते असं त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं. फेणीपेक्षा हलकी असते, एवढाच त्याचा अर्थ.

याची दुसरी बाजू जास्त वाईट. घंटा वाजली आणि दारू आलीच नाही तर? मेंदूने उलटा जोर लावून ठेवलाय आणि त्याला अडवायला समोर काही नाही. मग हात थरथरतात, छातीत धडधड, जीव कासावीस. यालाच लोक तलफ म्हणतात. त्यात डोपामिनची भर. डोपामिन म्हणजे 'आनंदाचं रसायन' असं व्हॉट्सअपवर फिरतं ते अर्धवट आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी ऐकल्या, तर सुरुवातीला ज्यूस मिळाल्यावर त्या पेशी उसळायच्या, पण दिवा लागला की ज्यूस मिळतो हे माकडाला कळल्यावर त्या दिव्यालाच उसळायला लागल्या, ज्यूस तोंडात पडला तेव्हा गप्प. म्हणजे ते रसायन 'आता येणार, चल ऊठ' असं सांगणारं. आमच्या बारात सोड्याच्या बाटलीचं बूच फट्‌ करून उडालं की बाकड्यावरची चारही डोकी वळायची, ज्यांनी सोडा मागवलेला नसायचा त्यांचीसुद्धा.

आता जरा मोठं चित्र. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांना दारू पिता का विचारलं, तर गोव्यात साधारण ३७ टक्के हो म्हणाले, महाराष्ट्रात १४च्या आसपास, देशात १९. गोवा-महाराष्ट्र सीमेवरचा पत्रादेवीचा चेकनाका ओलांडला म्हणून कोणाचा मेंदू बदलत नाही. बदलतं काय, तर दारूची किंमत, दुकानांची संख्या, आणि पिणाऱ्याकडे बघणाऱ्याची नजर. सावंतवाडीकडे दारू लपवून पितात, आमच्याकडे उंबऱ्यावर बसून. आणि गोव्यातच, त्याच घरांतल्या बायकांचा आकडा साडेपाच टक्क्यांच्या आसपास! जेवणातलं माशाचं हुमण तेच, हवा तीच, फेणीची बाटली त्याच कपाटात. आनुवंशिकता आहेच, जुळ्यांच्या अभ्यासांवरून दारूच्या व्यसनाच्या धोक्यातला साधारण निम्मा वाटा जीन्सचा मानतात, पण उरलेला निम्मा हा असा आजूबाजूला पसरलेला असतो.

आजूबाजूचं मेंदूच्या आत कसं शिरतं यावरचा माझा आवडता प्रयोग माकडांचा. अमेरिकेत वेक फॉरेस्ट युनिव्हर्सिटीत मायकेल नेडर यांच्या टीमने वीस माकडं आधी एकेकटी ठेवली आणि त्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन काढले. डोपामिन पकडणारे डी-टू नावाचे रिसेप्टर, समजा खुंट्या, ते सगळ्यांचे साधारण सारखेच. मग चार-चारचे गट केले. माकडांच्यात लगेच ठरतं कोण दादा आणि कोण मार खाणारा. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन, तर दादांच्या खुंट्या विसेक टक्क्यांनी वाढलेल्या, आणि खालच्यांच्या होत्या तेवढ्याच. मग कोकेनचं बटण दिलं. खालची माकडं ते दाबत सुटली, दादांना फारसा रस नाही. २००२ मध्ये हे छापून आलं. म्हणजे दादा जन्मतः शहाणे नव्हते, वरच्या जागेवर बसल्यावर मेंदू तसा झाला. रोज सुपरवायझरची बोलणी खाऊन साडेसहाला थेट बारात शिरणारा माणूस मला यात स्पष्ट दिसतो, माकड म्हटलं म्हणून रागावू नका. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, पुढे बरेच दिवस कोकेन मिळत राहिल्यावर दादा आणि बाकीचे यांच्यातला फरक पुसट होत गेला. चांगली परिस्थिती व्यसनाला दारातून आत येऊ देत नाही, पण एकदा आत आलेल्याला बाहेर काढेलच असं नाही.

इंटरनेटवर सगळे जण 'रॅट पार्क' सांगतात. ब्रूस अलेक्झांडर, हेही कॅनडातले, सत्तरच्या दशकाचा शेवट. एकटे पिंजऱ्यातले उंदीर मॉर्फिनचं गोड पाणी जास्त पितात आणि जोडीदार, पिल्लं, खेळायला डबे असलेल्या मोठ्या जागेतले, साध्या पिंजऱ्याच्या साधारण दोनशे पट जागा, ते कमी पितात. गोष्ट छान आहे म्हणून खूप फिरली. पण नंतर काहींनी तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा निकाल तसाच आला नाही, त्यामुळे मी वर्गात सांगताना हेही सांगतो. त्यापेक्षा भक्कम काम २०१८ चं आहे, मार्को वेनिरो आणि याविन शहाम यांचं. उंदरापुढे दोन खटके, एक दाबला की मेथॅम्फेटामाइन, दुसरा दाबला की दार उघडून दुसरा उंदीर भेटायला येतो. व्यसन लागलेल्या उंदरांनीसुद्धा जवळजवळ नेहमी दोस्ताचा खटका दाबला. पण दोस्त यायला उशीर व्हायला लागला, किंवा तो खटका दाबल्यावर शॉक बसायला लागला, की गडी पुन्हा ड्रगकडे. शॉक म्हणजे इथे खरा विजेचा. माणसांच्यात टोमणा पुरतो.

माणसांचा एवढा मोठा प्रयोग कोणी मुद्दाम करणार नाही, पण व्हिएतनामच्या लढाईने तो करून टाकला. १९७१ च्या सुमाराला तिथल्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळजवळ पाचव्या हिश्श्याला हेरॉइनचं व्यसन लागलेलं होतं. सरकार घाबरलं, हे सगळे घरी आले की काय होणार. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतलेल्यांचा पाठपुरावा केला, तर तिथे व्यसन लागलेल्यांपैकी पहिल्या वर्षात फक्त पाचेक टक्के पुन्हा व्यसनात गेले, तीन वर्षांत बारा टक्के. तेव्हा बऱ्याच जणांचा यावर विश्वासच बसला नाही. सीगलच्या खोलीचा हिशोब लावला तर थोडं उलगडतं, कारण जंगल, रायफल, ती भीती, ते दोस्त, स्वस्त हेरॉइन, सगळ्या घंटा मागे सात समुद्रापलीकडे राहिल्या. आणि आपला माणूस? व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून येतो तो त्याच गल्लीत, त्याच बाकड्यासमोर. वर धोका असा की महिन्याभरात पचवायची ताकद कमी झालेली असते आणि हाताला जुनंच माप लक्षात असतं. हेरॉइनवाल्यांच्यात अशा वेळी जुना डोस घेऊन जीव जातात.

पोरांचं वेगळं सांगायला हवं, माझा रोजचा संबंध त्यांच्याशीच. अकरावीतला मुलगा एकटा असताना समजूतदार असतो, चार जणांत स्कूटर एका चाकावर. फिलाडेल्फियात टेम्पल युनिव्हर्सिटीतल्या लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या गटाने किशोरांना गाडी चालवायचा गेम स्कॅनरमध्ये खेळायला लावला. दोस्त बघतायत असं सांगितलं की पोरं सिग्नल जास्त तोडायची आणि मेंदूतला बक्षिसाचा भाग जास्त पेटायचा, मोठ्यांच्यात तसं काही नाही. लगाम धरणारा पुढचा भाग तयार व्हायला पंचविशी उजाडते हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पुढे २०१४ मध्ये त्याच गटाने उंदराच्या पिल्लांपुढे दारू ठेवली तर वयात येणारी पिल्लं सोबत्यांत असताना एकटं असण्यापेक्षा जास्त प्यायली, मोठे उंदीर नाही. आता उंदरांना कोणी 'घे रे, काय होत नाही' म्हणत नाही, इन्स्टावर स्टोरी टाकायची नसते. नुसते सोबती असले तरी पुरतं. त्यामुळे 'वाईट संगत' हा आपला घरगुती शब्द मला अपुरा वाटतो, कारण संगत चांगल्या पोरांची असली तरी त्या वयात पारा वर चढतोच. गोव्यात कायद्याने दारूचं वय २१ आहे, पण पिकनिकची बस कुठे थांबते हे मी बघितलंय.

किनाऱ्यावरच्या पार्ट्यांबद्दल थोडक्यात. १९४० सालीच असं दिसलं होतं की अॅम्फेटामाइन हे उत्तेजक ड्रग दिलेला उंदीर एकटा असला तर वाचतो, पण तेवढाच किंवा त्याहून कितीतरी कमी डोस देऊन उंदरांना एका पिंजऱ्यात दाटीने ठेवलं तर ते मरतात. गर्दी, उकाडा, सतत हालचाल, अंगाची गरमी बाहेर पडत नाही. एमडीएमए, म्हणजे पार्ट्यांतलं एक्स्टसी, शरीराचा थर्मोस्टॅट बिघडवतं, ते त्याच कुळातलं. 'मागच्या वेळी एवढीच घेतली होती, काही झालं नाही' या वाक्यात मागच्या वेळची गर्दी आणि हवा मोजलेली नसते. कोणी तापलेलं, बडबडत, ओळख विसरलेलं दिसलं तर बाजूला गार जागेत न्यायचं, पाणी मारायचं, १०८ ला फोन करायचा, आणि पोलीस काय म्हणतील हा विचार नंतर.

उपाय शोधायला लांब जायला नको. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक ट्रायल आली ती आपल्या गोव्यातलीच, संगात या संस्थेची, अभिजित नाडकर्णी आणि मंडळींची. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतले ३७७ पुरुष, दारूचा त्रास व्हायला लागलेले पण पूर्ण अडकलेले नाहीत असे. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याशिवाय समुपदेशन, आणि समुपदेशक डॉक्टर नव्हते, तर ट्रेनिंग दिलेली साधी माणसं होती. जास्तीत जास्त चार भेटी. तीन महिन्यांनी मागच्या चौदा दिवसांत एक थेंबही न घेतलेले त्या गटात ४२ टक्के, दुसऱ्या गटात १८. कोणीतरी समोर बसतं, कधी पितोस, कुणाबरोबर पितोस, तेव्हा दुसरं काय करता येईल असं विचारतं, एवढ्याचा हा फरक.

टेलरकाका या ट्रायलमध्ये नव्हते, त्यांचं सगळं त्याआधीच झालं. बेळगावनंतर काही वर्षांनी तीनाचे सात पेग झाले, नंतर सकाळी मशीनवर बसायच्या आधी एक. मुलाने केंद्रात नेऊन ठेवलं. परत आले ते सात वाजता बाकड्यावर हजर, कारण त्यांचे सगळे दोस्त तिथेच, जाणार कुठे? बाबांनी त्यांना त्याच ग्लासात साधा सोडा दिला. तिसऱ्या दिवशी काका बाबांना म्हणाले, इथे बसलं की बोटं थरथरतात, सोड्यानेसुद्धा. आणि यायचे बंद झाले. घरी एकटे बसले असते तर काय झालं असतं ते सांगायला संशोधक नको.

गणपतीची चवथ आली. काका आधी घुमट, म्हणजे मातीचं ढोलकीसारखं वाद्य, वाजवायचे, ते सोडून दिलं होतं. आरतीला कोणीतरी त्यांच्या हातात घुमट ठेवलं. रॉबिन डनबार नावाच्या ब्रिटिश संशोधकाने दाखवलंय की एकत्र गाणं, नाचणं, ढोल बडवणं झाल्यावर माणसाला दुखणं जास्त वेळ सोसतं, आणि याचं कारण ते एंडॉर्फिन मानतात, शरीराचं स्वतःचं मॉर्फिनसारखं रसायन, हेरॉइन ज्या खुंट्यांवर जाऊन बसतं त्याच खुंट्यांवर हे बसतं. गावातल्या बाप्ये मंडळींना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांना घुमट वाजवणारा कमी पडत होता.

चवथीनंतर बाकड्यावरचे तिघे जण सातला बारात यायच्या ऐवजी साकवाच्या कठड्यावर थांबायला लागले. काका तिकडे येऊन बसत, शेंगदाणे आमच्याच दुकानातले, गप्पा त्याच, टेलिफोन खांबाच्या दिव्याखाली. साडेसात-पावणेआठला तिघे उठून बारात येत आणि काका घरी जात. तिघांचाही एकेक पेग आपोआप कमी झाला, वेळच उरायचा नाही. बाबा गल्ल्याजवळ बसून कुरकुरायचे, "अर्द्या वराचो धंदो गेलो मरे," म्हणजे अर्ध्या तासाचा धंदा गेला. मग एक दिवस मला गल्ल्यावर बसवून, बघून येतो म्हणाले, आणि साकवाकडे गेले ते सव्वाआठला आले.